टॅनरीचं सांडपाणी: ईटीपीवर या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरीत ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) शिकलेली आपली पोरं कुणी कानपूरला, कुणी तमिळनाडूतल्या राणीपेटला टॅनरीत, म्हणजे चामडं कमावायच्या कारखान्यात, लागतात. महिना होत नाही तोच फोन येतो: "सर, पाणी काही क्लिअर होऊन नाही राहिलं." विचारपूस केली की जुन्याच चुका निघतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सगळी पाणी एकाच टाकीत सोडणं. केस काढायच्या लायमिंगच्या पाण्यात चुना आणि सोडियम सल्फाइड असतं, पीएच १२ च्या वर. पिकलिंग (कमावण्याआधी कातडी ॲसिड-मिठात मुरवणं) आणि क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कातडी कमावल्यावर उरलेलं, पाणी ॲसिडिक. दोन्ही एकत्र आली की पीएच घसरतो आणि सल्फाइडचा हायड्रोजन सल्फाइड वायू होतो. पीएच ७ ला जवळपास अर्धं सल्फाइड वायूच्या रूपात असतं.

एका टॅनरीत मी गेलो असताना बुटीबोरीहून गेलेलाच एक पोरगा शिफ्टवर होता. क्रोमची टाकी भरली म्हणून पठ्ठ्याने पिकलचा व्हॉल्व्ह चुन्याच्या टाकीत उघडला. वर मलाच समजावतो, "आपोआप न्यूट्रल होते ना सर, ॲसिड वाचते." सडक्या अंड्यांचा वास सुटला. थोड्या वेळाने म्हणे, "गेला वास, आता पंप पाहून येतो," आणि शिडीवर पाय ठेवला. कॉलर धरून मागे ओढला. वास गेला नव्हता, नाक बधिर झालं होतं. या वायूचं प्रमाण वाढलं की आधी वास यायचा बंद होतो. अशा टाकीत एक पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. म्हणून गॅस मीटर, ब्लोअर आणि वर दोरी धरणारा माणूस असल्याशिवाय उतरायचं नाही, मालक किती का ओरडेना.

लायमिंगचं पाणी मी वेगळंच ठेवतो, पीएच १० च्या खाली येऊ देत नाही आणि मँगनीज सल्फेट टाकून हवा मारतो. सल्फाइड संपलं का, हे घड्याळ पाहून ठरवत नाही. उघड्यावर परीक्षानळीत थोडं पाणी घेऊन ॲसिडचे दोन-चार थेंब टाकतो आणि नळीच्या तोंडावर ओला लेड ॲसिटेटचा कागद धरतो. कागद काळा पडला तर सल्फाइड बाकी आहे, अजून हवा मारायची.

दुसरी खोड क्रोम खाली बसवायला कॉस्टिक (सोडा) ओतायची. चालू पद्धतीत ३० ते ४० टक्के क्रोम कातडी घेतच नाही, ते पाण्यात येतं. पीएच ८ ते ८.५ च्या आसपास ते खाली बसतं. पण कॉस्टिकचा गाळ हलका, कापसासारखा, बसायला वेळ घेतो. नव्याला तेवढा दम कुठे? तो अजून एक मग ओततो. पीएच फार चढला की बसलेलं क्रोम पुन्हा विरघळतं, आणि २ मिलिग्रॅम प्रति लिटरची मर्यादा ओलांडलेलं पाणी पुढे जातं. माझी पसंती मॅग्नेशियम ऑक्साइडला. महाग पडतं, तासन्‌तास ढवळावं लागतं, पण पीएच बेताबाहेर जात नाही आणि गाळ घट्ट बसतो. तो गाळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवून क्रोम परत कातडी कमावायच्या ड्रममध्ये वापरता येतं. "लवकर होईल असं काही सांगा" म्हणणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही.

खारवलेल्या कातड्यांचं मीठ भिजवायच्या आधी झटका. एकदा विरघळलं की ईटीपीतले जिवाणू त्याला हातही लावत नाहीत.

बोअरचं पाणी मिसळून रिपोर्ट पास करणं ही निव्वळ लबाडी आहे. नदीत जाणारं क्रोम तेवढंच राहतं.

क्रोमचा गाळ किंवा चामड्याची छिलन जाळू नका. त्रिसंयुजी क्रोमचं षट्संयुजी होतं आणि ते कर्करोगकारक आहे.

पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडवर चुना आणि चरबीचा थर बसतो. रोज सकाळी धुऊन बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) तपासा. मीटर ८.३ दाखवतोय म्हणून पोरं निवांत बसतात आणि टाकीत ११ असतो.