‘बरोबरीचा’ इंग्रजीत लिहिताना: पीअर, कलीग की काउंटरपार्ट?

आपल्याकडे सोयरीक बरोबरीच्या घरी होते, मुले बरोबरीच्यांत खेळतात आणि शंकरपटात बरोबरीच्या जोड्या सुटतात. एकाच शब्दावर सगळे भागते. इंग्रजीत अर्ज लिहिताना मात्र बरोबरी नेमकी कशातली, हे आधी ठरवावे.

वय, शिक्षण किंवा दर्जा सारखा असेल तर ‘पीअर’ लिहावे. त्यासाठी एकत्र काम करण्याची अट नाही; मेळघाटातील आणि गोंदियातील आशा सेविका कधी भेटल्या नसल्या तरी त्या एकमेकींच्या पीअर ठरतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात किशोरवयीन मुलामुलींमधूनच ‘पीअर एज्युकेटर’ निवडतात, कारण सांगणारा ऐकणाऱ्याच्याच वयाचा असला की संकोच कमी होतो.

‘कलीग’ म्हणजे सहकारी. येथे पद समान असण्याची गरज नाही. शाळेतील मुख्याध्यापक आणि नवा शिक्षक एकमेकांचे कलीग असतात, पण पीअर नसतात. त्यामुळे अर्जात ‘माय पीअर्स’ लिहून त्यात वरिष्ठांनाही ओढू नये.

सर्वांत जास्त गोंधळ ‘काउंटरपार्ट’चा होतो, म्हणून तो नीट समजून घ्यावा. दोन वेगवेगळ्या कार्यालयांत, जिल्ह्यांत किंवा राज्यांत तेच पद सांभाळणाऱ्या व्यक्ती म्हणजे काउंटरपार्ट. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ आणि पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद; नदीच्या पाण्याबाबत यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आदिलाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांशी बोलणी केली, तर ती ‘हिज काउंटरपार्ट इन आदिलाबाद’ यांच्याशी झाली, असे लिहिता येते. दारव्हा आणि दिग्रसचे तहसीलदारही असेच. एकाच टेबलाशी बसणारे दोन लिपिक मात्र काउंटरपार्ट होत नाहीत. पूर्वी हा शब्द दस्ताच्या दुसऱ्या प्रतीसाठी वापरत. जोडीचा तो अर्थ त्यात आजही असल्याने ‘कोणाचा’ हे वाक्यात स्पष्ट असलेच पाहिजे.

‘इक्वल’ हे नाम योग्यता सांगते. ‘शी हॅज नो इक्वल’ ही मोठी प्रशंसा आहे, ती जपून करावी. ‘मॅच’मध्ये चुरस असते, म्हणून तोडीस तोड प्रतिस्पर्धी भेटला की ‘मेट हिज मॅच’ म्हणतात. पदवी किंवा प्रमाणपत्राची समकक्षता दाखवायची असेल तर ‘इक्विव्हॅलंट’ लिहावे. व्यक्तीसाठी तो शब्द शक्यतो टाळावा. ‘फेलो’ दुसऱ्या नामाआधी जोडावा, जसे ‘फेलो व्हिलेजर’, म्हणजे आपल्याच गावचा. विद्यापीठातील पदाचा संबंध नसेल, तर नुसत्या ‘फेलो’चा अर्थ बोलीतल्या ‘गड्या’जवळ जातो आणि औपचारिक अर्जात तो शोभत नाही.