डिप्लॉयमेंट कमांडला पॅरामीटर देताना या चुका टाळा

डिप्लॉयमेंटच्या, म्हणजे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवण्याच्या, कमांडमध्ये लिहिलेले मूल्य जसेच्या तसे स्क्रिप्टपर्यंत पोहोचते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते आधी शेलच्या (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या), मग टूलच्या आणि शेवटी टेम्प्लेटच्या (मूल्ये भरायच्या साच्याच्या) हाती पडते आणि प्रत्येक जण त्याचा अर्थ आपापल्या नियमांनी लावतो.

सर्वाधिक फसगत होते ती खऱ्या-खोट्याच्या मूल्यांत. ॲन्सिबल या सर्व्हरची मांडणी करणाऱ्या टूलला 'डॅश ई' (-e) या पर्यायाने नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य अशा साध्या रूपात काहीही दिले, तरी ते मजकूर म्हणूनच पोहोचते. मी एकदा मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) थांबवण्यासाठी 'फॉल्स' (false) लिहिले आणि मायग्रेशन निमूटपणे चालून गेले, कारण टेम्प्लेटमधल्या अटीपुढे तो पाच अक्षरांचा मजकूर होता आणि जिंजाच्या, म्हणजे ॲन्सिबलच्या टेम्प्लेट भाषेच्या, लेखी रिकामा नसलेला कोणताही मजकूर खराच असतो. असे मूल्य जेसनच्या (JSON, प्रकार जपणारी डेटा लिहिण्याची पद्धत) रूपात द्यावे किंवा वापरण्याच्या जागी मजकुराचे खरे-खोटे करणारा 'बूल' फिल्टर लावावा. मी आता दोन्ही करतो. शंका आली तर 'टाइप डीबग' फिल्टरने मूल्याचा प्रकार छापून पाहावा. याच 'डॅश ई'ने दिलेल्या मूल्याला ॲन्सिबलमध्ये सर्वोच्च अग्रक्रम असल्यामुळे, पाइपलाइनच्या (आपोआप चालणाऱ्या डिप्लॉयमेंटच्या पायऱ्यांच्या) एखाद्या कोपऱ्यात ते आधीच लिहिलेले असेल, तर सर्व्हरच्या ग्रुपसाठीच्या व्हेरिएबलच्या फाइलमध्ये कितीही बदल केले तरी परिणाम दिसत नाही.

आवृत्तीच्या क्रमांकाचा घोटाळा याच्या उलट असतो. वायएएमएल (YAML) या सेटिंग लिहिण्याच्या पद्धतीच्या फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय 1.10 लिहिले, तर ते दशांश संख्या म्हणून वाचले जाऊन 1.1 होते आणि भलतीच, बहुधा जुनी, इमेज (ॲपचे तयार पॅकेज) मागवली जाते. हेल्म या कुबरनेटीजवर ॲप बसवणाऱ्या टूलला 'सेट' (--set) या पर्यायाने मूल्य देताना त्यात स्वल्पविराम असल्यास तिथून पुढचा भाग वेगळे पॅरामीटर समजला जातो. त्याच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो, आणि तो बॅकस्लॅश शेलने गिळू नये म्हणून सगळे एकेरी अवतरणात ठेवावे लागते. इमेजच्या आवृत्तीचा टॅग केवळ अंकांचा असेल, तर मूल्य मजकूरच ठेवणारे 'सेट स्ट्रिंग' वापरणे सुरक्षित.

पासवर्डात डॉलरचे चिन्ह असेल आणि तो दुहेरी अवतरणात दिला असेल, तर शेल पुढची अक्षरे व्हेरिएबलचे नाव समजते आणि तशा नावाचे व्हेरिएबल नसल्यास तेवढा भाग गायब होतो. लॉगमध्ये मात्र फक्त 'लॉगिन अयशस्वी' एवढेच दिसते. मुळात पासवर्ड कमांडमध्ये लिहूच नये, कारण तो शेलच्या इतिहासात राहतो आणि कमांड चालू असेपर्यंत त्याच सर्व्हरवरच्या इतरांना प्रोसेसच्या यादीतही दिसू शकतो. तो व्हॉल्टमधून (गुपिते कूटबद्ध ठेवण्याच्या जागेतून) किंवा मर्यादित परवानगीच्या फाइलमधून द्यावा.