‘पाय सरकला’ म्हणून विषय बंद करू नका: घरातली वडीलधारी माणसं पडतात तेव्हा होणाऱ्या चुका

धुळे-अमळनेर पट्ट्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. म्हातारं माणूस का पडलं असं विचारलं की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं. आजी म्हणते, "काही नई व्हयनं, पाय सरकना बस." मुलगा मान डोलावतो, सून फरशीकडे बोट दाखवते. फरशी दोषी ठरली की चौकशी संपली. संध्याकाळी बाजारातून रबरी मॅट येते आणि दोन महिन्यांनी आजी परत पडते. कधी कधी त्या मॅटलाच अडखळून.

फरशीचा दोष असतो, नाही असं नाही. पण त्याच फरशीवर नातूही घसरतो आणि सावरतो. पाय सरकल्यावर क्षणात दुसरा पाय पुढे टाकायचा तर मांडीत ताकद हवी, तळव्याला जमिनीची जाण हवी, डोळ्यापुढे उजेड हवा आणि मेंदूपर्यंत रक्त पोचायला हवं. यातलं आजीकडे काय कमी पडलं, हे शोधायचं असतं.

कधी, कुठे, काय करताना, हे न विचारणं

अमळनेरजवळच्या एका गावातले आबा तीन महिन्यांत तीनदा पडले. घरच्यांनी बाथरूममध्ये खरबरीत फरशी बसवून घेतली, पाच-सहा हजार गेले. मी सुनेला तिन्ही वेळा किती वाजले होते ते आठवायला लावलं. तिन्ही वेळा रात्री दोन ते चारच्या मध्ये, लघवीला उठताना. आणि तिन्ही वेळा आबा बाथरूमपर्यंत पोचलेच नव्हते! बाजेपासून चार पावलांवर पडले होते.

बाज पाहिली. नवार इतकी सैल की बसल्यावर कंबर गुडघ्यांच्या खाली जायची. त्यातून उठायला आबा झोका घेऊन एकदम उभे राहायचे. त्यात प्रोस्टेटची गोळी नवी सुरू झालेली, रक्तदाबाची जुनी चालूच. झोपलेले असताना वरचा दाब १४०, उभं केल्यावर मिनिटभरात ११२. अशा वेळी डोळ्यापुढे अंधारी येणारच, फरशी खरबरीत असो की गुळगुळीत.

हे घरी तपासता येतं. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, कोणीतरी शेजारी उभं राहून. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ही दुसरी चूक होईल. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, झोपेची आणि मेडिकलमधून आणलेली सर्दीची धरून. या दोन गोळ्या कुणी ‘औषध’ म्हणून सांगतच नाही, आणि तोल घालवण्यात त्या पुढे असतात.

आबांसाठी आम्ही केलं ते साधं होतं. डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलली. नवार ओढून घट्ट केली. उठायच्या आधी काठावर बसून पायाचे पंजे दहा-पंधरा वेळा वर-खाली, मग उभं राहून मनात दहा आकडे, मग पाऊल. रात्रीसाठी बाजेजवळ लघवीचं भांडं. ते ठेवायला आबा तयार नव्हते, त्यात आठवडा गेला.

उन्हाळ्यात हाच प्रकार वाढतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात गेला की आपण कूलरची काळजी करतो. म्हातारी माणसं मात्र रात्री उठायला नको म्हणून दुपारपासूनच पाणी तोडतात. अंगात पाणी कमी आणि रक्तदाबाची गोळी तेवढीच, मग आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास फोन वाढतात. पाणी सकाळपासून चारपर्यंत भरपूर, संध्याकाळनंतर बेताने, असं वाटून द्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून.

"तू बस माय, आम्ही देतो हातात"

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आणि ती मायेपोटी होते, त्यामुळे सांगायलाही जीभ रेटत नाही. माणूस एकदा पडलं की घर त्याला बसवून ठेवतं. चहा जागेवर, ताट जागेवर. देवपूजा खुर्चीत. पडायची भीती म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून मांड्या बारीक, मांड्या बारीक म्हणून पुढचं पडणं नक्की.

ताकद किती उरली आहे ते बघायला एक खुर्ची आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. साधारण गुडघ्याएवढ्या उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला १० आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर मांड्या कमकुवत आहेत. ऐंशी ते चौऱ्याऐंशीला हाच आकडा ९ आणि १०. हाताचा आधार घ्यावाच लागला तर शून्य धरायचं. अनेक घरांत हा शून्य पाहून मुलगा गप्प होतो. कालपर्यंत "आमची माय एकदम फिट" असं चाललेलं असतं.

व्यायामाचा उपयोग होतो का? होतो, आणि याचा पुरावा चांगला भक्कम आहे. कॉक्रेन ही संस्था जगभरचं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासते. तिच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. तोलाच्या व्यायामाला ताकदीची जोड दिली तिथे फायदा आणखी जास्त होता. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला कार्यक्रम आम्ही फिजिओ सर्रास वापरतो. त्यात घोट्याला वजन बांधून पायाचे व्यायाम असतात, सोबत तोलाचे, आणि चालणं.

वजन विकत आणायची गरज नाही. एका आजींसाठी आम्ही जुन्या लुगड्याच्या पट्टीत अर्धा किलो दादर (ज्वारी) शिवून घेतली, घोट्याला बांधायला दोन बंद लावले. पाय लांब करून उचलायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली. एका पायाला दहा वेळा. दादर पुढे पाऊण किलो झाली, मग किलो. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा वर, दहा वेळा. मग एक पाय बाजूला. मग एका पावलापुढे दुसरं चिकटवून, टाचेला अंगठा लागेल असं, दहा सेकंद उभं राहायचं. हे शेवटचं आधाराशिवाय जमत नसेल तर पडण्याचा धोका आहे असं समजा, आणि सराव ओट्याला धरूनच करा. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. तोलाचे रोज केले तरी चालतात. छातीत दुखलं, गरगरलं की थांबायचं. कंबरेचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, मणका दबलेला असेल तर आधी फिजिओला दाखवून.

इथे दोन गैरसमज हटकून भेटतात. एक, "रोज मारुतीपर्यंत चालते ना!" चालणं चांगलंच, पण ज्याचा तोल आधीच जातो त्याला नुसतं चालून तोल परत मिळत नाही. तोलाला थोडं अवघड काहीतरी द्यावं लागतं. दुसरा म्हणजे शेक आणि मालिश. तेलाने बरं वाटतं, मीही नको म्हणत नाही. पण झोपवून चोळलेल्या मांडीत उठायची ताकद येत नाही.

काठी आहे, पण चुकीच्या हातात

उजवा गुडघा दुखतो म्हणून उजव्याच हातात काठी धरलेली दहापैकी निम्मी माणसं तरी मला भेटतात. काठी उलट हातात हवी, आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडायला हवी. उंची अशी की हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेघेशी मूठ यावी. वारलेल्या वडिलांची काठी भावनेने वापरतात, ते कळतं. पण वडील सहा फूट होते. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की तीच काठी ओल्या फरशीवर सगळ्यात आधी सरकते. रबर फार महाग नसतं, बदला.

महाराष्ट्र सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षं आणि पुढच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात देते. काठीसाठी, वॉकरसाठी, कमोड खुर्चीसाठी. चौकशी समाज कल्याण कार्यालयात करा.

बार लावला, पण कुणाच्या सोयीने?

ही चूक माझी स्वतःची. आईच्या बाथरूममध्ये स्टीलचा बार लावला तेव्हा मी गावात नव्हते. फोनवर मिस्त्रीला उंची सांगितली, भिंत सांगायची राहिली. त्याने नळाची लाइन चुकवून सोयीची भिंत धरली. सुट्टीत आले तर आई उठताना नळ धरत होती आणि बारवर टॉवेल वाळत होता. आईला खरोखर स्टुलावर बसवून, उठताना तिचा हात आपोआप कुठे जातो ते बघून तिथे खडूने खूण करायला हवी होती. मग तसंच केलं. टॉवेलचा दांडा आधार म्हणून धरू देऊ नका, तो माणसाचं वजन घ्यायला बनलेलाच नसतो.

बाकीचं थोडक्यात. मोरीतलं शेवाळ आणि साबणाचं पाणी रोजच्या रोज घासायचं. बाजेपासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा, आणि वीज जाते म्हणून उशाशी टॉर्च. उंबरठ्यावर पिवळी पट्टी. दारातलं गोणपाटाचं पायपुसणं काढाच. ते कुणाला सोडवत नाही आणि सगळे त्याला अडखळतात. नऊवारीचा किंवा धोतराचा घोळ घोट्याच्या वर. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायला जाणं जिना अरुंद आणि कठड्याविना असेल तर बंद. यावरून घरोघरी भांडणं होतात, कारण उन्हाळ्यात वर गार लागतं आणि सगळे वरच असतात. मग एकाने सोबतीला खाली अंगणात झोपावं.

मधुमेह असेल तर एक गोष्ट विचारा: चालताना चप्पल पायातून निघून जाते आणि कळत नाही, असं होतं का? होत असेल तर तळव्याची जाण कमी झाली आहे. अशा पायाला मागे पट्टा असलेली चप्पल हवी, घरातसुद्धा. दुहेरी नंबरचा चष्मा लावून जिना उतरताना पायरी धूसर दिसते, त्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा असावा. मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट बघू नका.

पडल्यावर लगेच उचलणं

दोघे दोन बखोटांना धरतात आणि ओढून उभं करतात. थांबा. आधी विचारा कुठे दुखतं, पाय हलतात का. एक पाय आखूड दिसतो आणि पंजा बाहेर वळलाय, तर खुब्याचं हाड मोडलं असं समजून तसंच झोपवून १०८ ला फोन करा. चोळणं नको, हाडवैद्याकडे नेणं तर नकोच. अशा फ्रॅक्चरचं ऑपरेशन होईल तितकं लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांत व्हायला हवं. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर माणूस बोलत-चालत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना. आत सावकाश रक्त साठत राहिलं तर लक्षणं उशिरा दिसतात.

काही मोडलं नसेल तर त्याला स्वतः उठू द्या: कुशीवर वळणं, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर, समोर खुर्ची, तिच्यावर दोन्ही हात, भक्कम पाय पुढे. हे एकदा गोधडीवर शिकवून ठेवा. आणि बाथरूमची आतली कडी काढून टाका.

आबांची सून आता दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवरच खुणा करते. पडले तर फुली, नुसता तोल गेला तर टिंब, शेजारी वेळ. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा फुली एकही नव्हती. टिंबं तीन होती, तिन्ही दुपारी एक ते दोनच्या मध्ये, जेवण करून उठताना. भरपेट जेवणानंतरही काहींचा रक्तदाब उतरतो. या आठवड्यात जेवणाआधी आणि नंतर मोजायला सांगितलंय.