रात्रीचा रस्ता तैलरंगात: दिवा उजळायचा कसा?

कॅनव्हासवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, हात मारा आणि सुकू द्या. पांढऱ्या कॅनव्हासवर कुठलीही गडद छटा फाजील गडद भासते, अंदाज चुकतो. इमारती, फुटपाथ, रस्ता ढोबळ आखून घ्या.

काळोखासाठी ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा वाढवला की आभाळ, सिएना वाढवला की भिंती. डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावातल्या कॅफेची रात्र काळ्याशिवाय रंगवली आणि बहिणीला पत्रात आवर्जून तसं कळवलं.

आता दिवा. बहुतेक चित्रं इथेच बिघडतात. दिवा म्हणजे पांढरा ठिपका, हा सल्ला साफ चुकीचा आहे. नुसता टिटॅनियम व्हाइट काळोखावर ठेवला तर तो ठिपकाच राहतो, त्याचा उजेड पडत नाही. दिवा उजळतो तो भोवतीच्या रंगामुळे. दादरच्या रानडे रोडवर पावसाळ्यातल्या रात्री उभं राहा आणि पिवळ्या दिव्याच्या आजूबाजूला बघा: आधी नारिंगी, मग तांबूस तपकिरी, मग निळसर काळोख. रात्रीच्या चित्रात माझा सगळा जीव या वलयात असतो.

वलयाची जागा मोकळी सोडून काळोख भरा. निळा आत शिरला की नारिंगी मेलाच. काळोख ओला असतानाच त्याच्या कडेला बर्न्ट सिएना, आत कॅडमियम ऑरेंज, त्याच्या आत पिवळा लावा. दर वेळी ब्रश पुसायचाच. कोरड्या मऊ ब्रशने कडा दोन-तीन फटक्यांत मोडा. घोटत बसलात तर रंगाचा चिखल होतो. वलयात पांढरा मिसळू नका, रंग थंड आणि पिठूळ होतो. तो अगदी शेवटी, किंचित लेमन यलो घालून, तांदळाच्या दाण्याएवढा, पॅलेट नाइफच्या, म्हणजे रंग मिसळायच्या सुरीच्या, टोकाने जाड ठेवा. मग त्याला हात लावायचा नाही. चित्रात असा दिवा एकच. दुकानांचे एलईडी त्याच्यापेक्षा मंदच हवेत.

मोबाइलच्या नाइट मोडवर विसंबू नका. तो काळोख उजळवतो आणि हे वलय खाऊन टाकतो. जागेवर पेन्सिलने छटा टिपून घ्या.

ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब दिव्याच्या सरळ खाली, एक छटा गडद: आधी उभे फटके, मग तुटक आडवे.

सुकल्यावर गडद भाग निस्तेज दिसले तर जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन जास्तीचं तेल कापडाने टिपून घ्या. वॉर्निशला किमान सहा महिने थांबा.