पिझो नोझलने पीडीएमएसचे ठिपके पाडताना

पिझोइलेक्ट्रिक नोझलला, म्हणजे विजेच्या पल्सने दाबून थेंब फेकणाऱ्या बारीक तोटीला, पातळ द्रव लागतो, दाटपणा साधारण 20 मिलिपास्कल-सेकंदांच्या आतला. पीडीएमएस म्हणजे एक सिलिकॉन; ते सिलगार्ड 184 या नावाने बेस आणि क्युरिंग एजंट (घट्ट करणारा भाग) अशा दोन भागांत येतं. मिसळलेलं सिलगार्ड साडेतीन हजारांच्या घरात असतं. व्होल्टेज कितीही चढवा, थेंब सुटणार नाही. पातळ करावंच लागतं.

हेक्झेन नको, ते नोझलच्या तोंडाशीच उडतं आणि मागे चिकट बूच राहतं. टोल्युइन त्याहून बरं, ऑक्टिल ॲसिटेट सर्वांत निवांत. काचेच्या कुपीत 1 ग्रॅम बेस आणि 0.1 ग्रॅम क्युरिंग एजंट ढवळा, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा, मगच 9.9 ग्रॅम द्रावक घाला. क्रम उलटा झाला तर व्हॅक्यूममध्ये द्रावकच निघून जातं. 1 मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळा. पॉलिस्टायरिनचा कप टोल्युइनमध्ये विरघळतो, सिलिकॉनची नळी फुगते. लॅटेक्स हातमोजे तर घालूच नका: त्यातल्या गंधकाने प्लॅटिनम उत्प्रेरक मरतो आणि ठिपके कायमचे चिकट राहतात.

50 मायक्रॉनच्या नोझलला सुरुवात 25 व्होल्ट आणि 25 मायक्रोसेकंदांच्या पल्सने करा. पल्सची रुंदी 15 ते 40 पर्यंत फिरवून थेंब सर्वांत वेगाने कुठे जातो ते स्ट्रोब कॅमेऱ्यात पाहा. तिथे थांबा आणि व्होल्टेज उतरवा. वेग 2 मीटर प्रति सेकंद पुरतो. शेपूट तुटून उपथेंब पडत असतील तर व्होल्टेज अजून जास्त आहे.

खरी डोकेदुखी पुढेच. सिलिकॉनचं पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे द्रव नोझलच्या बाहेरच्या काचेवर पसरतो आणि थेंब तिरके जातात. टाकीत 10 मिलिबारच्या आसपास ऋण दाब ठेवा, नोझलच्या तोंडाला फ्लोरोसिलेन (द्रव पसरू न देणारा लेप) लावा. दाब फार ओढलात तर हवा आत शिरते आणि थेंब गप्प होतो.

ज्यावर ठिपके पाडायचे त्या काचपट्टीलाही फ्लोरोसिलेन हवं; स्वच्छ काचेवर ठिपका ठिपका राहतच नाही. 50 मायक्रॉनचा थेंब 65 पिकोलिटरचा, सुकल्यावर उरतात जेमतेम 6. एका जागी दहा थेंब टाकले आणि पसरणं 100 मायक्रॉन व्यासाला अडलं, तर उंची सुमारे 14 मायक्रॉन मिळते.

आधी 60 अंशांवर द्रावक जाऊ द्या, मग 100 अंशांवर 35 मिनिटं. तोवर नोझल त्याच द्रावकाने धुऊन काढा. आत घट्ट होऊन जाळं धरलेलं सिलिकॉन साध्या द्रावकांत विरघळत नाही.