पेरणीआधी झाडाचं पिणं मोजा

पाऊस उघडलाय. आठवडाभरात बांधावरच्या झाडांच्या मुळांशी चर मारा. पेरणी दोन दिवस मागं गेली तरी चालेल, चर राहायला नको. दर रब्बीत तेच बघतो: झाडालगतच्या हरभऱ्याच्या चार-सहा ओळी घाटे धरायच्या आधी पिवळ्या पडतात, आणि शेतकरी टॉनिकची बाटली घेऊन येतो. रोग नसतोच, ओल झाडानं प्यालेली असते.

पाण्यावरून उत्पन्नाचा अंदाज बांधणारी बरीच संगणकी प्रारूपं, अॅक्वाक्रॉपसुद्धा, एकट्या पिकाचा हिशेब करतात. वानुलकास हे झाड-पीक एकत्र धरणारं प्रारूप मात्र झाडापासून चार पट्टे आणि जमिनीचे चार थर धरून कोण कुठून पाणी ओढतं ते मांडतं. संगणक नसला तरी वही पुरते.

1 मिमी म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. भारी जमीन दर 10 सेंमी खोलीला साधारण 15 मिमी कामाची ओल धरते. 90 सेंमीपर्यंत भिजली असेल तर 135 मिमी. हरभरा पुरता भरायला 250 मिमीच्या आसपास मागतो, म्हणजे तंगी आधीच आहे. त्यात समजा झाड रोज 40 लिटर पितं आणि मुळं चहूकडं 5 मीटर पसरलीत. 60 दिवसांत 2,400 लिटर. 80 चौरस मीटरवर 30 मिमी. बुंध्याकडं त्याहून जास्त.

चर बुंध्यापासून 1 ते 1.5 मीटरवर, जुन्या जाड झाडाला आणखी लांब. 50-60 सेंमी खोल, फक्त पिकाच्या बाजूनं. मुळं साफ तोडा आणि त्याच दिवशी बुजवा, उघड्या चरातून ओल उडते. चारी बाजूंनी तोडलंत तर वाऱ्यानं झाड आडवं होईल. फांद्याही विरळ करा.

बाकीचं नेहमीचं:
- ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) 5 ग्रॅम प्रति किलो बियाणं
- रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) 250 ग्रॅम प्रति 10 किलो बियाणं
- हेक्टरी 25 किलो नत्र, 50 किलो स्फुरद
- फुलोऱ्यात 2 टक्के युरियाची फवारणी
- ताण पडल्यास 8 टक्के केओलिनची (पांढरी माती) फवारणी

ओल धरणारी महागडी पावडर गळ्यात मारतील. ती पाणी तयार करत नाही, आणि तिच्यातलं पाणी झाडाचं मूळही पितंच.

माझा एक ठोकताळा: कडेची ओळ दुपारी माना टाकते, ते चालायचंच. पहाटेही ताठ झाली नाही, तर तिथली ओल संपली समजा.

मागच्या वर्षी चर मारला म्हणून यंदा सोडू नका. तोडलेल्या मुळाच्या टोकाला बारीक मुळांचा झुपका फुटतो आणि तो पहिल्यापेक्षा दाट असतो.