कॅरिबियनला जायचंय? हॉटेल नंतर, आधी महिना आणि बाजू ठरवा

कॅरिबियनचं ठरलं की लोक डायरेक्ट हॉटेलचे फोटो बघत बसतात आणि फोटोत सगळी बेटं सारखीच दिसतात, निळं पाणी, पांढरी वाळू. माझं ऐका, आधी महिना बघा. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचा सीझन, ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत तर फारच जोर. तेव्हाच सुट्टी मिळणार असेल तर अरुबा नाहीतर कुरासाव बघा, ती पार खाली व्हेनेझुएलाजवळ आहेत, वादळं सहसा तिथून जात नाहीत. डिसेंबर ते एप्रिल हवा मस्त, पण रेटही तसेच.

मग बेटाची बाजू, आणि हे कोणी सांगतच नाही. आम्ही आईला घेऊन बार्बाडोसला गेलो, फोटो आवडला म्हणून पूर्वेला बाथशेबाजवळ राहिलो. जागा सुंदरच आहे, पण तो अटलांटिक, लाटा अशा येतात की आईला घोटाभर पाण्यात उभं राहता येईना, माझं मनगट घट्ट धरून दोन मिनिटं थांबली आणि म्हणाली चल, वर बसू. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला होलटाउनला गेलो तर समुद्र तळ्यासारखा, साडी गुडघ्यापर्यंत खोचून तासभर पाण्यात होती, बाहेर यायला तयार नाही! बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब, आणि दोन बाजूंना एवढा फरक. म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर पश्चिम किनाराच घ्या. उन्हाळ्यात सरगॅसम नावाचं शेवाळ वाहून येतं तेही जास्त करून पूर्वेलाच साचतं, सडलं की वास सहन होत नाही.

डोंगर, जंगल, गरम पाण्याचे झरे हवेत तर सेंट लुशिया किंवा डॉमिनिका. डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत, तिकीट काढताना नीट बघा. सेंट लुशियाचा मोठा एअरपोर्ट दक्षिणेला आणि बरीच हॉटेलं उत्तरेला, वळणावळणाचा दीडेक तासाचा रस्ता, गाडी लागणाऱ्यांनी गोळी जवळ ठेवा.

व्हेज खाणाऱ्यांना मी त्रिनिदादच सांगेन. १८४५ पासून तिकडे आपल्याकडचे मजूर नेले, त्यामुळे रोटी, चना सगळं आहे, सकाळी रस्त्यावर डबल्स खा, दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये (तिकडे त्यांना ‘बारा’ म्हणतात) गरम चना, वर चिंचेची चटणी. क्रिकेटवेडे असाल तर पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल बघाच, १९७१ मध्ये गावसकर पहिली टेस्ट तिथेच खेळला. बीचसाठी मग बोटीने टोबॅगो.

आठवड्यात तीन बेटं करू नका प्लीज, एका उडीत अर्धा दिवस जातो.

व्हिसाचं म्हणाल तर बार्बाडोस, जमैका, त्रिनिदादला भारतीय पासपोर्टवर फिरायला आधी व्हिसा काढावा लागत नाही, तरी बुकिंगआधी नियम एकदा चेक करा. पण फ्लाइट अमेरिकेतून असेल तर नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो, म्हणून स्वस्त तिकीट दिसलं की आधी मधला स्टॉप बघा, मगच पैसे भरा.